कंबरमोडीचा गुण

५ सप्टेंबर

ही डायरी जानेवारीत भेटली होती. आमच्या लाकडाच्या गिरणीच्या नावाची, लकडगंजातल्या गिऱ्हाइकांले वाटून उरली म्हणून आम्हा मजुरांले. तेव्हापासून उशाखाली पडून होती. आज उघडली कारण डोकं इतकं तापलं आहे की कोणाशी बोललो तर मारामारी होईन. खोलीत आम्ही चार जण झोपतो, बाहेर निघायची सोय नाही. कागद उलटून बोलत नाही. चौथीनंतर पहिल्यांदा इतकं लिहून राहिलो.

झालं असं. लाकूड चिरायच्या आऱ्यावरून फळी सुटली आणि माह्या जोडीच्या देवाजीचा हात मनगटापासून वर चिरत गेली. मी पाठीमागून फळ्या ओढतो, म्हणून मले सगळ्यात आधी दिसलं. रक्त भुशावर पडून राहिलं आणि सगळे पुतळ्यासारखे उभे. मी मागच्या भिंतीकडं पळालो. तिथं नालीच्या काठानं कंबरमोडी माजली आहे. लांब दांडी, टोकाले पिवळं बोंड, भवताली पांढुरक्या चार-पाच पाकळ्या. लेकरं जिच्या मुंड्या उडवत बसतात तीच. मूठभर पाला तोडला, तळहातावर चोळला, रस जखमेत पिळला आणि चोथा वरून दाबून धरला. देवाजी बोंबलला, "अबे, आग लावतं का हाताले!" पण रक्त थांबलं.

तेवढ्यात मालक मधुकरराव हापिसातून बाहेर आले. पोराले काय झालं, कसा आहे, काही नाही. पहिला सवाल, "मशीन कोणी बंद केली?"

हाच तो राग. अजून उतरला नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

सांजच्याले भिंतीपाशी गेलो. पाय धुतले, कंबरमोडीच्या बुडाशी पाणी घातलं, तांदळाचे दाणे टाकले आणि म्हटलं, बाई, आठवडाभर कधीही न्यायले येईन, येशील. मनकर्णाआत्यानं असंच शिकवलं. आमच्या घाटंजीकडं चार गावची माणसं तिच्याकडं पाल्यासाठी येतात. शनिवारी सांगून ठेवायचं. तोडताना आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. लोखंड लावायचं नाही.

मागून आवाज आला, "काय गा रुपराव, झाडाले आवतन देऊन राहिला का? मांडव कुठी टाकला?"

नत्थूजी होते. आमचे आऱ्याचे मिस्त्री. पुढून लठ्ठा तेच लावतात. त्यायच्या हाताइतका सरळ हात लकडगंजात नाही, हे दुसऱ्या गिरणीवाले बी म्हणतात. राहतात इंदोऱ्याले. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून देव, अंगारा, उतारा सगळं सोडलं, आणि दुसऱ्यांचंही सुटावं म्हणून मागं लागतात.

मी म्हटलं, "हसू नका. नियम आहे. नियम मोडला तर गुण जाते."

"आणखी काय नियम आहे?"

"घ्यायचं नाही काही. जखम भरेपर्यंत रोग्याच्या घरचा चहा बी नाही. पाल्यापायी कोणाचं काही घेतलं का पाला आपला राहत नाही, देणाऱ्याचा होते. मग देणाऱ्याच्या मनात जे असन तेच तो पाला करते. आत्या म्हणते."

"आत्या हुशार दिसते," नत्थूजी म्हणे. "पाला चांगलाच आहे, बापू. माही माय बी लावे. पण रक्त थांबते ते रसानं, आवतनानं नाही. आणि आऱ्याची जाळी जागेवर असती तर तुह्या बाईले बोलवाचं कामच पडलं नसतं."

आऱ्याच्या फिरत्या दातेरी पट्ट्यासमोर लोखंडी जाळी असते. मोठा लठ्ठा लावताना अडकते म्हणून मधुकररावानं ती पावसाळ्याआधीच काढून ठेवली. दोन लठ्ठे जास्त चिरतात दिवसाचे. नत्थूजीनं दोनदा म्हटलं, लावा. तिसऱ्यांदा म्हणाची हिंमत सध्या कोणात नाही. समोरच्या गिरणीतला युनियनवाला आणीबाणी लागल्यापासून आत आहे.

तरी मले नत्थूजीचाच राग आला. इतक्या दिवसात पहिल्यांदा कोणी माह्यामुळं वाचलं, अन् हे म्हणते रसानं.

२२ सप्टेंबर

दोन आठवड्यांत आणखी तिघांले पाला लावला. एकाचं बोट, एकाचा पाय, एकाचं कपाळ. तिघंही बरे. आता मले रुप्या कोणी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात. मधुकररावानं खांद्यावर हात ठेवला. म्हणे, "तू म्हणजे आपल्या गिरणीचा दवाखाना आहे, गा."

पहिले कोणाले लागलं की रिक्षात टाकून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेत. सुई, पट्टी, चिठ्ठी. त्या दिवशी सुट्टी. आता पाला लावला की बिडी पेईपर्यंत बसायचं, मग पुन्हा कामावर.

देवाजी म्हणते, "भैताडा, हात कापला तर एक दिवस घरी झोपाले भेटे. तुह्या पाल्यानं तेही गेलं."

सगळे हसले. मी नाही हसलो. ज्याचा हात वाचवला तोच असं बोलते. उपकाराची जाणच नाही लोकायले.

दसरा

सकाळी आऱ्याची पूजा झाली. पट्ट्याले हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. सगळ्यायले पेढा भेटला. मग मधुकररावानं मले सगळ्यायसमोर बोलावलं आणि कागदात गुंडाळलेला सदरा हातात दिला. टेरिकॉटचा, आकाशी. इतवारीतल्या मोठ्या दुकानाचा शिक्का होता.

"हा आमच्या डॉक्टरसाहेबांले. पाल्याची फी," मधुकरराव म्हणे. टाळ्या वाजल्या.

हात पुढं गेला माहा. सगळे पाहून राहिले होते, नाही कसं म्हणू? आणि काहून म्हणू? माह्याकडं दोनच सदरे, दोन्हीले लाकडाचा डिंक लागलेला.

नत्थूजीनं टाळी नाही वाजवली. त्यायले दीक्षाभूमीवर जायचं होतं, घाई होती, तसंच निघून गेले. जाताना फक्त म्हणे, "फी झाली का? चांगलं आहे."

सदऱ्याचं माप बरोबर आहे. खोलीतल्या आरशात फक्त गळा दिसते, पण गळा साहेबासारखा दिसते.

१२ ऑक्टोबर

आज नत्थूजीले लागलं.

सागवानाच्या लठ्ठ्यात जुना खिळा होता. पट्टा त्याच्यावर आदळला, लठ्ठा उडाला आणि नत्थूजीचा उजवा हात पट्ट्यावर गेला. दोन बोटं मुळापाशी चिरली, आत पांढरं दिसत होतं. मशीन मीच बंद केली. या वेळेस कोणाच्या बापाले विचारलं नाही.

नत्थूजी खाली बसले. ओरडले नाहीत. म्हणे, "रुपराव, रिक्षा बोलाव. हे पाल्याचं काम नाही."

मधुकरराव धावत आले. रक्त पाहून तेही घाबरले, खोटं काय बोलू. पण म्हणाले, "डॉक्टर घरात असताना रिक्षा कायले? रुपराव, लाव."

मी नत्थूजीकडं पाहिलं. नत्थूजी म्हणे, "नाही. टाके पडाले पाहिजे. दवाखान्यात चला."

अन् मी म्हटलं, "मिस्त्री, एवढ्यांले बरं केलं, तुमच्यावरच नाही चालणार का?"

पळत गेलो, पळत आलो. चोळला, पिळला, दाबला. खूप वेळ लागला. माह्या मनगटापर्यंत लाल झालं. पण थांबलं. शेवटी थांबलंच! मी मधुकररावाकडं पाहिलं तर ते हसून राहिले होते. नत्थूजी माह्याकडं पाहत होते, हसत नव्हते. देवाजी त्यायले सायकलवर बसवून घरी घेऊन गेला.

असा कसा माणूस आहे? त्यायचं रक्त थांबवलं, माहे हात अजून वास मारून राहिले, आणि एक शब्द बोलले नाहीत.

१५ ऑक्टोबर

तीन दिवस नत्थूजी आले नाहीत. देवाजी म्हणे, "हात फुगला बाप्पा, ताप आहे." म्हणून काम सुटल्यावर इंदोऱ्याले गेलो. मोठ्या माणसाच्या घरी जायचं म्हणून नवा सदरा घातला.

हात उशीवर ठेवला होता. कोपरापर्यंत सुजलेला, चकचकीत. पाला काळा पडला होता आणि त्याच्याखालून वास येऊन राहिला होता. मी म्हटलं, उद्या ताजा आणतो. नत्थूजी डोळे मिटून म्हणे, "आता नको आणू."

सत्यवतीबाई, त्यायची बायको, चहा घेऊन आली. कपबशी, बशीत दोन टोस. मी हात जोडले. म्हटलं, "मले नाही चालत."

ती उभीच राहिली.

"काहून नाही चालत?"

"नियम आहे."

"असन ना. जुनाच आहे तो नियम," ती म्हणे. "आमच्या बापानं बी पाह्यला, आज्यानं बी पाह्यला. आमाले वाटलं होतं सुटला."

मले एकदम समजलं नाही. समजलं तेव्हा कानातून वाफ निघाली. मी म्हटलं, "वहिनी, ते नाही. तसं नाही! पाला लावणाऱ्यानं रोग्याच्या घरचं काही घ्यायचं नसते. बामणाच्या घरी बी मी घेतला नसता. नत्थूजीले विचारा, त्यायले माहीत आहे."

नत्थूजीले ग्लानी आली होती.

सत्यवतीबाईनं माह्या छातीकडं बोट केलं. आकाशी टेरिकॉटकडं. "हे पाल्यापायीच भेटलं ना? गिरणीतून आल्यावर यायनं सांगतलं होतं मले. मालकाचा सदरा चालते, अन् आमचा चहा तेवढा चालत नाही? मोठा बारीक नियम आहे गा तुहा."

कपबशी घेऊन आत गेली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

इंदोऱ्यापासून लकडगंजपर्यंत पायी आलो. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाले मारावं वाटत होतं. मी आणि असा? मले असं म्हणते? माही आत्या महारवाड्यातल्या लेकरांच्या जखमा मांडीवर घेऊन बांधे, गाव नावं ठेवे तरी बांधे. आणि ही मले म्हणते.

१६ ऑक्टोबर

रात्रभर झोप नाही. सत्यवतीबाईची ती सदऱ्याची गोष्ट डोक्यातून जात नाही. तिच्यावर चिडलो, तरी दिवस मोजून पाहिले.

दसऱ्याच्या आधी चौघं. चौघंही बरे झाले. दसऱ्याच्या नंतर पहिले नत्थूजी.

फी म्हणाले होते मधुकरराव. फी म्हणूनच दिला, फी म्हणूनच घेतला. तेव्हा आत्याचं सांगणं आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं. टाळ्या वाजत होत्या.

१९ ऑक्टोबर

आज धंतोलीच्या दवाखान्यात गेलो. देवाजी आणि मी हातगाडी केली, कारण नत्थूजीले रिक्षात बसवत नव्हतं. सत्यवतीबाई गाडीच्या दुसऱ्या बाजूनं चालत होती. मोठ्या दवाखान्याच्या बाहेर यवतमाळचे, वर्ध्याचे, कुठकुठले लोक घोंगड्या टाकून बसले होते.

डॉक्टरनं पट्टी सोडली. मी वाट पाहत होतो की हा आता पाल्याले शिव्या देईन, मग मीही देईन. पण तो म्हणे, "कंबरमोडी ना? आमची आईही लावायची. रक्त चांगलं थांबलं असेल." मग चिमट्यानं आतून काहीतरी काढलं आणि वाटीत टाकलं. लाकडाचा भुसा. ओला, काळा. पुन्हा काढला. "हे आत असताना वरून बंद केलंत. त्याच दिवशी धुऊन, टाके घालून, सुई दिली असती तर हात राहिला असता. आता दोन बोटं काढावी लागतील. नाहीतर पंजा जाईल."

सत्यवतीबाईनं विचारलं, "आरा धरता येईन का मग?"

डॉक्टरनं मान हलवली. नाही म्हणून.

भुसा मले दिसला नव्हता. दिसला असता तर काढला असता का? नाही ना. गुण होता तेव्हा भुसा आपोआप निघे, मले तेच वाटत होतं. गुण गेला म्हणून आत राहिला.

बाहेर येऊन अंगातला आकाशी सदरा काढला आणि बनियनवर खोलीत आलो. लोक पाहत होते. पाहा म्हटलं.

दिवाळी

घरी गेलो नाही. आत्याच्या समोर कोणतं तोंड घेऊन उभा राहू?

२ नोव्हेंबर

नत्थूजी आज गिरणीत आले. हात फडक्यात. मधुकररावाले म्हणाले, आरा नाही तर दुसरं काही काम द्या, मोजणीचं द्या, लाकूड मले डोळ्यानं समजते. गिरणीत हात गेला तर तेवढा हक्क आहे.

मधुकरराव खुर्चीतून उठलेही नाहीत. "गिरणीत? गिरणीत तर तुम्ही बरे होऊन गेले, नत्थूजी. रक्त थांबलं होतं, सगळ्यांनी पाहिलं. घरी जाऊन तुम्ही काय केलं, कोणतं पाणी लावलं, आम्हाले काय माहीत? इथं लागलं म्हणता तर कोणत्या डॉक्टरनं पाहिलं त्या दिवशी?"

मग माह्याकडं वळून म्हणे, "सांग ना रुपराव. थांबलं होतं ना रक्त?"

थांबलं होतं. हे खरं आहे. मी काय सांगू? नत्थूजी थोडा वेळ थांबले, मग डाव्या हातानं फाटक उघडून गेले.

आता समजलं, रिक्षा काहून बंद झाली. डॉक्टरकडं गेलं असतं तर लागलं हे लिहिल्या गेलं असतं. सरकारी तपासणीचा साहेब आला असता. जाळी कुठं आहे म्हणून विचारलं असतं. पाच जण कापल्या गेले, कोणालेच लागलं नाही! माह्या पाल्यानं सगळं पुसून टाकलं.

आत्या बरोबर म्हणे. देणाऱ्याच्या मनात जे असन तेच पाला करते.

९ नोव्हेंबर

आज पुन्हा देवाजी. नवा मिस्त्री कच्चा आहे, लठ्ठा तिरपा लावला, फळी उसळून देवाजीच्या मांडीत घुसली. बोंबाबोंब.

मधुकरराव स्वतः मागच्या भिंतीकडं गेले. स्वतः! चपलेसकट, सावली टाकत, मुळासकट उपटून घेऊन आले. माह्या हातात कोंबून म्हणे, "पाहत काय उभा राहिला? चोळ."

मी तो पाला खाली टाकला.

"माह्या हातून लागत नाही आता," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "मी सदरा घेतला. पाल्यापायी घेतला. माहा गुण गेला. नत्थूजीचा हात म्हणून गेला."

"काय मूर्खासारखा बोलते! पाला तोच आहे ना?"

"पाला तोच आहे. पण तो आता तुमचा आहे, मालक. विकत घेतला तुम्ही. आता तुमच्या मनात जे आहे तेच तो करन."

हमालांतले बहुतेक खेड्यावरचे. सगळ्यायच्या गावात अशी एकेक आत्या आहे. समोरचा एक जण दोन पावलं मागं सरकला, जसा काही त्या उपटलेल्या झाडात साप आहे.

देवाजी खालून ओरडला, "मले नका लावू! मधुकररावाच्या पाल्यानं मले नका मारू बाप्पा! रिक्षा बोलवा!"

मधुकररावानं दुसऱ्याले म्हटलं, तू चोळ. त्यानं हात मागं घेतला. तिसऱ्याले म्हटलं. तो म्हणे, "आम्हाले नाही येत, मालक."

सगळ्यायले येते. लेकराले बी येते. पाला चोळायचा आणि पिळायचा, त्यात काय आहे? पण एकानंही झाडाले हात लावला नाही. मशीन बंदच राहिली. कोणी चालू करेना. देवाजीच्या मांडीवर धोतर बांधलं, पण ते भिजून राहिलं होतं.

शेवटी मधुकररावानं दात खाऊन रिक्षा बोलावली. मी रिक्षात देवाजीच्या बाजूनं बसलो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं विचारलं, कुठं लागलं? देवाजी म्हणे, "आऱ्यावर. लिहा साहेब, मोठ्या अक्षरात लिहा."

टाके घालताना तो मले म्हणते, "आता आठ दिवस झोपतो बे. पहिल्यांदा कामाचा डॉक्टर निघाला तू."

मी हसलो नाही. पण या वेळेस राग आला नाही.

१३ नोव्हेंबर

काल मले काढलं. कारण सांगितलं नाही, फक्त गेटवर थांबवलं. आकाशी सदरा मी गड्याच्या हाती परत पाठवला. डायरी सगळ्यायले भेटली होती, पाल्यापायी नाही, म्हणून ठेवली.

देवाजी सांगत होता, साहेब येऊन गेला. जाळी परत बसवली आहे. वाकडी बसवली, पण बसवली.

नत्थूजीले तेवढ्यानं काय? जाळी बसली म्हणून बोटं उगवत नाहीत. मोजणीचं काम अजून कोणी दिलं नाही. म्हणतात, केस टाकीन. आणीबाणीत कुठली केस.

संध्याकाळी इंदोऱ्याले गेलो. जुना, डिंकाचा सदरा घालून. नत्थूजी ओट्यावर बसले होते. त्यायनं गिरणीतली गोष्ट देवाजीकडून ऐकली होती.

"तुह्या थोतांडानं काम केलं म्हणते," नत्थूजी म्हणे. "मी सांगून सांगून थकलो, जाळी लावा. कोणी ऐकलं नाही. आत्याचं ऐकलं सगळ्यायनं."

"थोतांड नाही ते," मी म्हटलं. "खरंच गुण गेला माहा."

"बरं."

"खरंच गेला, नत्थूजी."

"बरं म्हटलं ना, बापू."

सत्यवतीबाई दारात उभी होती. मी तिच्याकडं न पाहता म्हटलं, "वहिनी, चहा ठेव वं."

ती लगेच हलली नाही. "जखम भरली नाही अजून यायची," ती म्हणे. "नियमात बसते का?"

"मी आता पालावाला नाही."

ती आत गेली. खूप वेळ लागला. मले वाटलं करणारच नाही. नत्थूजीच्या ओट्याच्या फटीत कंबरमोडी उगवली होती, दोन बोंडं वर आलेली. नत्थूजी डाव्या हाताच्या अंगठ्यानं एक बोंड उडवायले पाहत होते, लेकरं उडवतात तसं. जमत नव्हतं. उजव्या हाताची सवय.

सत्यवतीबाई दोन कप घेऊन आली. माहा कप माह्यासमोर ठेवला, हातात दिला नाही. साखर कमी होती, मुद्दाम का खरंच, माहीत नाही. टोस नव्हते.

सगळा पिलो. बशीत सांडलेला बी पिलो. ती दारातच उभी राहून पाहत होती.